सुटीवर न गेलेला खोकला

बॅडमिंटनच्या फुलाला पिसं किती असतात, सांगता येईल तुम्हाला? बरं, मीच सांगते, सोळा. आणि ती सोळाच्या सोळा बदकाच्या एकाच अंगाच्या पंखातली लागतात, हे माहीत होतं? उजव्या पंखाच्या पिसांत डाव्याचं एक जरी शिरलं, तरी फूल हवेत झोकांड्या खातं. मग हे डावं-उजवं निवडतं कोण? यंत्र निवडत असेल, असं तुम्हाला वाटलं असणार. मलाही आवडलं असतं तसं.

निवडतात बायका. घरी बसून, मांडीवर फळी घेऊन, पोतीच्या पोती. आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर अशा आठ जणी एका खोलीत बसायच्या, आणि ती खोली होती फुंकर मावशीची. तिचं खरं नाव सरकारी कागदांपुरतं. जिन्यात, नळावर, दुकानात ती फुंकर मावशीच.

हे नाव तिला पडलं ते डोळ्यांपायी. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिची नजर अधू झाली. पिसाचं वळण फार बारीक असतं, ते तिला दिसेना. दुसरी कोणी असती तर कपाळावर हात मारून घरी बसली असती. पण मावशी मुळात घरीच बसलेली, आणखी कुठं बसणार? तिनं युक्ती काढली. पिसाचा दांडा चिमटीत सैल धरायचा, ओठांपाशी न्यायचा आणि हलकी फुंकर मारायची. डाव्या अंगाचं असेल तर ते आत वळतं, उजव्याचं बाहेर. "विचारलं की सांगतंय बिचारं आपलं गाव," असं ती म्हणायची. ही रीत नजरेपेक्षा झटपट निघाली. मग चांगल्या डोळ्यांच्या बायकांनीही तीच उचलली. दिवसाला एकेकीच्या तीन-चार हजार फुंकरी व्हायच्या. आठ जणींच्या किती, ते तुम्हीच बघा.

मी स्वतः त्या खोलीत सहा वर्षं बसलेय. नंतर मजुरीवरून कंपनीच्या माणसाशी माझं वाजलं, मी बायकांची संघटना काढली, आणि त्यांनी मला पोती देणं बंद केलं. तेव्हापासून मी खालच्या मजल्यावर शिवणाचं मशीन चालवते आणि बायका मला लीडरबाई म्हणतात. निम्म्या मानानं, निम्म्या चिडवायला. म्हणजे जे सांगतेय ते ऐकीव नाही. त्या खोलीतली हवा मी प्यायलेय.

खोली दहा बाय बारा. दिवसा आठ बायका आणि पोती, संध्याकाळनंतर मावशी, तिचा रंगारी मुलगा, सून आणि नात. आमची बिल्डिंग आणि शेजारची बिल्डिंग यांच्यात हातभर अंतर आहे. दोन सवती एका बाकावर बसवाव्यात तशा त्या उभ्या आहेत, एकमेकींना न शिवता. बांधणाऱ्यानं खिडक्या ठेवल्या त्या नकाशात दाखवायला. उघडली की समोर शेवाळलेली भिंत, खाली बोळात पंधरा वर्षांचा कचरा. ऊन त्या बोळात कधी उतरलंच नाही. भर दुपारी दिवा लावूनच काम चालायचं.

बरं, तीही खिडकी उघडी नव्हती. कारण वारं म्हणजे या धंद्यातला दरोडेखोर. पंखा तर विचारूच नका. त्या खोलीत पंखा लावणं म्हणजे पिठाच्या डब्यात तोंड घालून शिंकणं. एकदा वीजमीटर बघणारा माणूस न विचारता दार ढकलून आत आला. तेवढ्या झुळुकीनं तीन दिवसांचं निवडलेलं डावं-उजवं एक झालं. मावशीनं ते सगळं पुन्हा निवडायला घेतलं. संध्याकाळी मुलाला एवढंच म्हणाली, "खिडकीचं काय ते बघ." त्यानं खिडकीला प्लायवूड ठोकलं, कडेच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि वरून फुलाच्या बुचाला पिसं चिकटवायचा गोंद फासला. दाराचाही नियम झाला. बाहेरून कडी वाजवायची, आतल्या बायका ढिगांवर चादरी टाकणार, 'झाकलं' अशी हाक येणार, मग दार उघडायचं. मी त्या मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "काम करावं तर असं." माझेच शब्द आहेत, नाकारत नाही.

आता खोकला.

पिसांची बारीक लव घशात जाते, त्यामुळे या धंद्यात खोकत नाही अशी बाई नाही. आम्ही खोकल्यावरून माणूस ओळखायचो. एकीचा कोंबडी कुरकुरल्यासारखा, चष्मेवालीचा दार ठोठावल्यासारखा, दोन ठोके आणि थांबणार. तिला सगळ्या म्हणायच्या, "झाकलं, झाकलं, ये आत." पिसांचा खोकला कसा ओळखायचा, याचीही आमची परीक्षा होती. म्हणच होती: पिसांचा खोकला मालकासारखा, सुटीच्या दिवशी तोंड दाखवत नाही. आठवड्याची सुटी झाली, घसा मोकळा झाला, की समजायचं पिसांचा आहे आणि पुन्हा फळीवर बसायचं. एखादीचा सुटीतही राहिला तर मात्र दवाखाना गाठायचा. परीक्षा तशी वाईट नव्हती. शहाण्यासुरत्या बायकांनी अनुभवानं काढलेली होती.

फक्त मावशी सुटीच घेत नव्हती. बाकीच्या जणी सुटीला घरी राहायच्या, हिचं घर आणि कारखाना एकच. नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी फळीवर बसली. सून बाळंत झाली त्या दिवशी अर्धं पोतं संपवूनच दवाखान्यात गेली. मग हिचा खोकला सुटीवर जातो की नाही, हे कळणार कुठून? तो कधी सुरू झाला तेही कुणाला सांगता आलं नाही. गेल्या वर्षभरात तिच्या झंपराच्या बाह्या सैल झाल्या, दंड काड्यांसारखे दिसायला लागले. मी म्हटलं, मावशी, वाळलीस. ती म्हणाली, "पिसांत राहून वजन वाढेल होय?" मी हसले आणि मशीनवर जाऊन बसले. संघटनेची लीडर ना मी. मजुरी, कामाचे तास, सगळ्यावर भांडले. हवेवर भांडायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

नात झाली तेव्हा मावशीला आभाळ ठेंगणं झालं. तिचं लाडाचं नाव ठकी. घडी घातलेल्या रिकाम्या पोत्यावर ठकी निजायची, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजी. दोघी पिसं निवडतायत आणि ही मधे हातपाय झाडतेय. मावशी मधूनच एखादं पीस तिच्या नाकावर धरायची आणि फुंकर मारून उडवायची. ठकी खदखदून हसायची.

"आई, तिच्या तोंडावर नका फुंकू, शिंकेल ती," सून म्हणायची.

"शिंकू दे. या खोलीत खोकत नाही अशी तीच एकटी आहे. जरा सवय नको का व्हायला?"

यावर सगळ्या हसायच्या. मीही हसलेय.

सात महिन्यांची झाली तेव्हा ठकीचं हसणं कमी झालं होतं. सून मला कार्ड दाखवायला खाली आली. लस द्यायला नेतात तेव्हा बाळाचं वजन करून त्या कार्डावर टिंबं देतात. आधीची टिंबं जिन्यासारखी वर चढलेली, शेवटची तीन एका आडव्या रेषेत. "दात येतायत म्हणून असेल," सून म्हणाली. अंग संध्याकाळी जरा कोमट लागतं म्हणाली. मी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हटलं, असेल. लिहितावाचता मी माझी मी शिकले, त्याचा मला फार तोरा आहे. पण तीन टिंबं वाचता आली नाहीत.

मग माल यायचा थांबला. कुठंतरी बदकांमध्ये रोगाची साथ आली होती म्हणून पिसांची गाडी अडवून ठेवली होती. बदकांची तपासणी चालू आहे, असा कंपनीचा निरोप आला. बदकांची, बरं का. त्या खोलीत काम सुरू झाल्यापासून बावीस वर्षांत कुणी एका बाईची छाती तपासली नव्हती.

तर पाच दिवस काम नाही. बायकांना घरी करमेना, तिसऱ्या दिवशी सगळ्या मावशीच्या खोलीत गप्पा छाटायला जमल्या. मीही शिवणाचं काम घेऊन वर गेले. चादरी घडी करून ठेवलेल्या, फळ्या भिंतीला टेकवलेल्या. खोली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. आधी कळलंच नाही काय चुकल्यासारखं वाटतंय. मग लक्षात आलं, कुणी खोकत नव्हतं. चष्मेवालीचे ठोके बंद, कोंबडी गप्प. तीन दिवसांत सगळ्यांचे खोकले सुटीवर गेले होते.

आणि मावशी खोकली.

खोल, ओला, विहिरीत पोहरा आपटावा तसा. थांबला आणि पुन्हा आला. एरवी सातांच्या गोंगाटात तो मिसळून जायचा, आज एकटाच सगळ्यांसमोर उभा राहिला.

"मावशी, तुमचा अजून ओव्हरटाइम करतोय वाटतं," चष्मेवाली म्हणाली. तिला हसवायचं होतं. कुणी हसलं नाही.

मावशीनं पदरानं तोंड पुसलं, पदराकडे बघितलं आणि तो भाग मुठीत धरला. "मालक झालाय तो माझा," ती म्हणाली. "सुटी देत नाही."

तेवढ्यात पोत्यावरून दुसरा खोकला आला. मांजराच्या पिलानं शिंकावं एवढासा. ठकी खोकली होती. ती काही पिसं निवडत नव्हती, आणि तीन दिवस त्या खोलीत एक पीससुद्धा उडालं नव्हतं. आठही जणींच्या माना एकदम तिकडे वळल्या. सुनेनं तिला चटकन उचलून छातीशी धरलं, जसं कुणी तिला बघूच नये. कुणीतरी चहाचं विचारलं, कुणीतरी नको म्हटलं, आणि पाच मिनिटांत खोली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी स्वतःहून माझ्या दारात उभी. मला वाटलं होतं तिला ओढून न्यावं लागेल.

"दवाखान्यात चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "माझं काही असो, पोरीला माझ्याकडून काही नको जायला."

"मग पोरीलाही घे बरोबर."

"सून देत नाही. बाहेर वारं आहे म्हणते, पोरीला वारं लागेल."

मी तेव्हाच वर जाऊन पोरीला आणायला हवं होतं. गेले नाही. म्हटलं, आधी हिचं बघू.

सरकारी दवाखान्यात मावशीच्या थुंकीची तपासणी झाली, छातीचा फोटो काढला. दोन दिवसांनी निकाल घ्यायला गेलो. तिथल्या सिस्टर कमी बोलणाऱ्या होत्या. टीबी आहे, म्हणाल्या. औषध फुकट मिळेल, सहा महिने घ्यायचं, एक दिवस चुकवायचं नाही, बरा होतो. मावशी मान हलवत होती, पण ऐकत नव्हती हे मला कळत होतं.

"घरात कोण कोण असतं?" सिस्टरनी विचारलं.

मावशीनं बोटं मोजायला सुरुवात केली. कामाच्या बायकांत एक हात संपून दुसरा निम्मा झाला. मग मुलगा, सून.

"लहान मूल?"

"नात. सात महिन्यांची."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "तिला उद्या सकाळी घेऊन या. उद्या म्हणजे उद्याच."

"माझ्यामुळं झालं का तिला?"

"झालंय की नाही ते तपासल्यावर कळेल. आणि तुमच्यामुळं म्हणू नका. मोकळ्या हवेत खोकलात तर ते विरून जातं. बंद खोलीत तासन् तास हवेत राहतं, तेच सगळे आत घेतात. खिडकी आहे ना खोलीला?"

"आहे."

"मग उघडी ठेवा."

"पिसं उडतात," मावशी म्हणाली. सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. मी सगळं समजावून सांगितलं, प्लायवूड, गोंद, कडी, फुंकरी. फुंकरीनं किती पसरलं आणि खोकल्यानं किती, हे कुणी मोजलेलं नाही, म्हणाल्या, पण त्या खिडकीतून वारं वाहत असतं तर आज एवढी बोटं मोजावी लागली नसती. मग एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. कपबशी, ताट वेगळं करू नका, त्यानं काही होत नाही. हवा बदला.

मावशी बाकावर टेकली तेव्हा मी त्यांना हळूच विचारलं, पोरीचं काय होऊ शकतं. त्यांनी सांगितलं, वर्षाच्या आतलं मूल असेल तर हा रोग छातीत थांबेलच असं नाही. मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मूल मलूल होतं, सारखं झोपतं, उलट्या होतात, मान ताठ होते. "तिथवर जायच्या आत आलं पाहिजे. आत आलं तर औषध आहे. रोग लागला नसेल तरी लागू नये म्हणून औषध आहे. पण आलं पाहिजे." मी कुणाला भीत नाही अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी घाबरले, आणि घाबरले की मी चिडते.

परत आलो तेव्हा मावशी जिना हळूहळू चढत होती, मी पुढे पळाले. त्याच सकाळी पोती आली होती. आत जोरात काम चालू होतं. मी कडी वाजवली नाही. दार ढकललं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मावशीला टीबी निघालाय. सून उठली. फडताळातून मावशीचा कप काढला आणि वरच्या फळीवर कोपऱ्यात वेगळा ठेवला. बस. माझं डोकं फिरलं. कप वेगळा आणि हवा एक. मी दाराआडची रंगाऱ्याची पहार घेतली आणि खिडकीचं प्लायवूड उचकटलं.

पिसं उठली. दार उघडं, खिडकी उघडी, हातभर बोळातून जेवढं वारं येईल तेवढं आलं आणि सगळ्या जणींचं सकाळपासूनचं काम छताला लागलं. बायका चादरी घेऊन धावल्या. एक रडायला लागली. सुनेनं ठकीला उचललं आणि डोक्यावरून शाल गुंडाळली, नाकतोंड सगळं.

"वारं लागेल तिला," ती म्हणाली.

"लागू दे वारं," मी ओरडले. "कोंडून मारायचंय का पोरीला?"

हे वाक्य मी बोलले. तिच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत. ती बोलणारी मुलगीच नाही. खाली बसली आणि शालीवरून पोरीला थोपटत राहिली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. चष्मेवालीनं विचारलं, "म्हणजे आम्हालाही असेल?" मी म्हटलं, तपासून घ्या. एकेक जण उठून गेली. दुपारपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं. मावशी नळावर गेली तर रांग मागे सरकली. समोरच्या बाईनं आपल्या मुलांना आत ओढून दार लावलं आणि दारातून सुनेला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीलाही असणारच. आमच्या पोरांपाशी आणू नका." चारच्या सुमारास बिल्डिंगच्या मालकाचा माणूस आला, खोली खाली करा म्हणाला. त्याच्याशी मी भांडले, जोरदार भांडले, आणि तो निघून गेला. भांडणात माझा हात कुणी धरत नाही. पण वर खोलीत एक मुलगी बसलेली होती, तिच्याशी दोन गोड शब्द बोलायचे राहिले. म्हटलं, उद्या सकाळी न्यायचंच आहे, तेव्हा बोलू.

सकाळी आठला वर गेले. या वेळी कडी वाजवली. 'झाकलं' आलं नाही. मावशीनं दार उघडलं.

"ती गेली," मावशी म्हणाली.

"कुठं?"

"पोरीला घेऊन गेली. मला वाटलं नळावर गेली."

मुलगा सहालाच कामावर गेला होता. सुनेनं पोरीचे कपडे नेले होते, शाल नेली होती. वजनाचं कार्ड नेलं नव्हतं. वरच्या फळीवर त्या कपाशेजारी पडलं होतं. फोन बंद. तिच्या माहेरी गेलो, तिथं नव्हती. आईनं लपवलं असेल म्हणून मी आत शिरून बघितलं, ती बाई माझे हात धरून रडायला लागली, तिलाही काही माहीत नव्हतं. पोलिसांत गेलो. नवराबायकोचं भांडण असेल, येईल आपणहून, असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं. आम्ही सांगत होतो भांडण नाही, औषध आहे. ते त्यांच्या कागदात कुठं बसेना.

आज एकेचाळीस दिवस झाले.

मावशी रोज गोळ्या घेते, माझ्यासमोर. खोकला उतरलाय, भाकऱ्या दोनच्या तीन झाल्यात, आता तिच्यापासून कुणाला धोका नाही असं सिस्टर म्हणतात. आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. आठांतल्या आणखी दोघींना निघाला, एक चष्मेवाली. मुलाचं आणि माझं काही निघालं नाही. फोटोचा निकाल येईपर्यंतच्या दोन रात्री मी कशा काढल्या ते माझं मला माहीत. खिडकी उघडी आहे. मालकानं कुरकुर केली, करू दे. आणि पिसांचं म्हणाल तर रंगाऱ्यानं लाकडी चौकटी ठोकल्या, वरून मच्छरदाणीचं कापड ताणलं, हात घालायला दोन बाजूंना बाह्या शिवल्या. त्या मी शिवल्या. आतली पिसं बाहेर उडत नाहीत. काम थोडं सावकाश होतं, पण होतं. फुंकर बंद केली, उजेडासाठी प्रत्येकीच्या चौकटीला छोटा दिवा लावला. एका दुपारचं काम होतं हे सगळं. बावीस वर्षं कंपनीनं सुचवलं नाही, आम्ही मागितलं नाही. याचा राग मी आयुष्यभर बाळगणार आहे आणि त्यातला अर्धा माझ्यावर आहे.

मावशी काम करत नाही. खिडकीपाशी बसते. सुनेला ती एका शब्दानं बोल लावत नाही. मी एकदा चिडून म्हटलं, सांगून तरी जायचं. तर म्हणाली, "तिनं पोरीला माझ्यापासून वाचवायला नेलं. आई आहे, बरोबरच केलं. फक्त एक दिवस लवकर नेलं."

मला झोप लागत नाही ती याच हिशोबानं. ठकीला रोग असेल तर तिच्याबरोबर गेलाय. तो घरात राहत नसतो, माणसात राहतो. आणि सून कुठं गेली असेल? हातात पैसा नाही, ओळख नाही. अशी मुलगी जाऊन जाऊन कुठं जाणार, तर आमच्यासारख्याच एखाद्या बिल्डिंगमध्ये, जिन्याखालच्या, माळ्यावरच्या, पत्र्याआडच्या खोलीत. दुसऱ्या दोन-चार कुटुंबांबरोबर. आणि पोरीला वारं लागू नये म्हणून ती पहिलं काम काय करेल, ते मला दिसतंय. खिडकी लावून घेईल. मी तिला समजावलं असतं तर लावली नसती. मी ओरडले.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुमच्या शहराचं नाव मला माहीत नाही, पण तसल्या खोल्या तिथंही आहेत हे पक्कं माहीत आहे. बावीस-तेवीस वर्षांची, सडपातळ, डाव्या भुवईत जुनी खोक, विचारल्याशिवाय बोलत नाही. कडेवर नऊ महिन्यांची पोर, वयाच्या मानानं लहान दिसणारी. ती नसेल, दुसरी कुणी असेल, तरी चालेल. दार लावून बसलेली, पोरीला संध्याकाळी कणकण येते असं सांगणारी कुठलीही आई दिसली तर तिच्या पोरीकडे माझी ठकी म्हणूनच बघा. तिला रागावू नका, रोगाचं नाव घेऊन मागे सरकू नका, आपल्या पोरांना आत ओढू नका. तिच्याशेजारी बसा. सांगा, घरी कुणी तिच्यावर चिडलेलं नाही, आजी बरी होतेय, औषधाला पैसे पडत नाहीत. मग दोघींना बरोबर घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि तिथं एवढंच म्हणा, "या बाळाच्या घरात टीबी होता, याला तपासा." आजच जा.